न पाहिलेला हिरा



दशलक्षण पर्व झालं, क्षमावाणी झाली आणि आता घरात लग्नाची गडबड सुरू झाली आहे. माझ्या भाचीचं लग्न मार्गशीर्षात आहे. परवा ती फोन घेऊन माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "मावशी, अंगठीचा हिरा मी इथूनच मागवतेय. बघ तरी." फोनवर एक खडा गरगर फिरत होता. बाजूला वजन, रंग, शुद्धता, किंमत आणि एक लांबलचक नंबर. मी पटकन बोलून गेले, "अगं, मेथीची जुडीसुद्धा आपण उलटसुलट करून घेतो, आणि हिरा न बघता घेणार?"

ती हसून म्हणाली, "मावशी, खरं सांग, तू हातात घेऊन बघितलास तरी तुला काय कळणार आहे?"

मला उत्तर सुचलं नाही. आपल्या समाजात हिऱ्यांचा व्यापार कितीतरी पिढ्यांचा, पण आपण बायका हिरा फक्त घालत आलो. त्याची पारख नेहमी दुसऱ्याच कुणीतरी केली. म्हणून मग जुनी पुस्तकं काढली आणि हिरा पूर्वी कसा विकत घेत होते ते वाचायला बसले. वाचताना लक्षात आलं की न पाहता हिरा घेणं ही फोनमुळे आलेली गोष्ट नाही. तिला निदान तीनशे वर्षं झाली आहेत, आणि त्यात आपल्या गोव्याचाही मोठा वाटा आहे.

आधी डोळ्यांनी बघून घेणाऱ्यांचं सांगते. सतराव्या शतकात ज्याँ-बाप्तिस्त ताव्हेर्निए नावाचा फ्रेंच जवाहिरा अनेकदा हिंदुस्थानात आला. गोवळकोंडा आणि विजापूरच्या मुलखातल्या हिऱ्यांच्या खाणी त्याने स्वतः पाहिल्या. त्याने लिहिलंय की युरोपात हिरा दिवसाउजेडी पाहतात, पण इथले व्यापारी तो रात्री पाहतात. भिंतीत फूटभर चौकोनी कोनाडा, त्यात जाड वातीचा दिवा, आणि त्या उजेडात खडा बोटांत धरून त्याचं पाणी आणि स्वच्छता पाहायची. सौदा मात्र झाकून व्हायचा. विकणारा आणि घेणारा समोरासमोर बसत आणि कापडाखाली एकमेकांचा हात धरत. पूर्ण हात धरला तर हजार, एक बोट धरलं तर शंभर, बोटाच्या मधल्या पेरापर्यंत धरलं तर पन्नास, टोक धरलं तर दहा. शेजारी बसलेल्यालाही किंमत कळत नसे.

त्याने सांगितलेली मुलांची गोष्ट तर मला फारच आवडली. रावळकोंड्याच्या खाणीजवळच्या गावात रोज सकाळी व्यापाऱ्यांची दहा ते पंधरा-सोळा वर्षांची मुलं चौकातल्या मोठ्या झाडाखाली येऊन बसत. एका बाजूला काटा आणि वजनांची पिशवी, दुसऱ्या बाजूला सोन्याच्या होनांची थैली. कुणी हिरा विकायला आणला की तो आधी सर्वांत मोठ्या मुलाच्या हातात जाई. तो बघे, मग शेजारच्याला देई. असा तो खडा एक शब्दही न बोलता सगळ्यांच्या हातांतून फिरून परत मोठ्याकडे येई. मग तो किंमत ठरवी. महाग घेतला तर तोटा त्याच्या एकट्याच्या अंगावर. संध्याकाळी सगळे खडे एकत्र करून पाणी, वजन आणि स्वच्छता यांप्रमाणे वेगळे करायचे आणि मोठ्या व्यापाऱ्यांना विकायचे. नफा सारखा वाटून घ्यायचा. मोठ्या मुलाला मात्र शेकडा पाव टक्का जास्त.

मी बी.कॉम. झालेली बाई, त्यामुळे हा पाव टक्का वाचून थांबलेच. तो हिऱ्याचा मोबदला नव्हता, नजरेचा आणि जबाबदारीचा होता. म्हणजे खाणीच्या दारात, हिरा हातात असतानासुद्धा बाकीची मुलं एकाच्या नजरेवर विसंबून होती.

आता गोव्याकडे येते. त्या काळी हिरे जगात प्रामुख्याने आपल्याच देशात मिळत. ब्राझीलचे हिरे बाजारात आले ते १७२० च्या दशकानंतर. इटलीत लिव्होर्नो नावाचं बंदर आहे. तिथे अठराव्या शतकाच्या पहिल्या निम्म्यात एर्गास आणि सिल्वेरा या ज्यू कुटुंबांची एक पेढी होती. भूमध्य समुद्रातल्या पोवळ्याचे मणी ते लिस्बनमार्गे गोव्याला पाठवत. गोव्यात तो माल उतरवून घेणारं घराणं होतं कामतांचं, सारस्वत ब्राह्मणांचं. कामत पोवळी विकत आणि त्या बदल्यात हिरे खरेदी करून परत पाठवत. पत्रव्यवहार पोर्तुगीज भाषेत चाले. लिस्बनहून गोव्याकडे जहाजं जायची ती वाऱ्याचा हंगाम पाहून, वर्षातून एकदा. त्यामुळे एका पत्राचं उत्तर यायला दीड-दोन वर्षं लागत.

लिव्होर्नोचे व्यापारी गोव्याला आले नाहीत आणि गोव्याचे कामत इटलीला गेले नाहीत. धर्म वेगळा, भाषा वेगळी, आणि फसवणूक झाली तर दोघांनाही लागू पडेल असं एकही न्यायालय नाही. तरी माल जात होता आणि हिरे येत होते. त्या पेढीची १७०४ ते १७४६ या काळातली तेरा हजारांहून जास्त पत्रं टिकून आहेत. फ्रांचेस्का त्रिव्हेल्लातो या इतिहासकार बाईंनी ती वाचून त्यावर मोठा ग्रंथ लिहिला आहे. त्यातून कळतं की या व्यापाराचा आधार म्हणजे पत्रं आणि नाव. एकाने खराब माल पाठवला तर ते लिस्बनला कळे, लिस्बनहून बाकीच्या शहरांत कळे, आणि पुढच्या वर्षी त्याच्याकडे कुणी माल पाठवत नसे.

पुढची गंमत बघा. ही पेढी बुडाली ती गोव्याहून न बघता मागवलेल्या हिऱ्यांमुळे नव्हे. इराणमधून आलेल्या एका आर्मेनियन व्यापाऱ्याबरोबर त्यांनी एका खूप मोठ्या हिऱ्याच्या विक्रीत भागी केली. तो हिरा त्यांच्याच शहरात, त्यांच्या डोळ्यांसमोर आला होता. पण एवढ्या मोठ्या दागिन्याला गिऱ्हाईक मिळेना, भागीदारांत वाद झाले, कज्जे झाले आणि १७४० च्या दशकात पेढीचं दिवाळं निघालं. न पाहिलेल्या हिऱ्यांनी चाळीस वर्षं पोसलं आणि पाहिलेल्या एका हिऱ्याने बुडवलं.

दुसरी गोष्ट मद्रासची. इंग्रज कंपनीचा तिथला गव्हर्नर थॉमस पिट याने जामचंद नावाच्या मोठ्या हिरे व्यापाऱ्याकडून सुमारे ४१० कॅरटचा कच्चा हिरा घेतला. जामचंदने सुरुवातीला २,००,००० होन सांगितले होते. घासाघीस होत होत ४८,००० होनांवर सौदा तुटला. १७०२ मध्ये पिटने मुलाबरोबर तो हिरा इंग्लंडला पाठवला. तिथे दोन वर्षं घासून-कापून त्याचा सुमारे १४० कॅरटचा खडा झाला. मग गिऱ्हाईक शोधणं आलं. एवढा हिरा खिशात घालून राजवाडे कोण हिंडणार? म्हणून त्याची प्रतिकृती करून दाखवण्यात आली. फ्रान्सचा कारभार तेव्हा ऑर्लिआंचा ड्यूक पाहत होता. ही प्रतिकृती आधी जॉन लॉ याच्याकडे आली आणि त्याने ड्यूकला हिरा घ्यायला सुचवलं, असं सँ-सिमों या दरबाऱ्याने आपल्या आठवणींत लिहिलं आहे. १७१७ मध्ये १,३५,००० पौंडांना सौदा झाला. माझ्या भाचीच्या फोनवर जो खडा गरगर फिरत होता, त्याचीच ही जुनी आवृत्ती म्हणायची.

पण पिटला त्या हिऱ्याचं सुख लागलं नाही. गव्हर्नरने हा हिरा जुलमाने मिळवला अशी कुजबुज सुरू झाली. शेवटी १७१० मध्ये नॉर्वेतल्या बर्गन गावी मुक्काम असताना त्याने देवाची शपथ घेऊन एक निवेदन लिहिलं: हिरा कुणी आणला, किती मागितले, किती दिले, सौदा कसा झाला. खरेदीच्या वेळी तो गव्हर्नर होता, पैसे मोजून दिले होते, तरी आठ-नऊ वर्षांनी त्याला कागद करून ठेवावा लागला. हा हिरा आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे.

म्हणजे हिरा दूरच्या माणसापर्यंत पोचायचा तर त्याचं वर्णन कागदावर उतरलं पाहिजे. या कामात आपल्या माणसांचं नाव फार आधीपासून आहे. ठक्कर फेरू हे श्रीमाळ जैन श्रावक दिल्लीत अल्लाउद्दीन खिलजीच्या सेवेत होते. बादशहाचा रत्नांचा खजिना त्यांनी स्वतः पाहिला आणि १३१५ मध्ये प्राकृतात 'रयणपरिक्खा' म्हणजे रत्नपरीक्षा हा ग्रंथ लिहिला. कोणतं रत्न कसं ओळखायचं, दोष कोणते, वजनाप्रमाणे मोल किती, हे सगळं त्यात आहे. पुढे सतराव्या शतकात अहमदाबादचे शांतिदास झवेरी मुघल दरबाराचे जवाहिरे झाले. तेही जैनच.

अडचण एकच होती. जो तो आपापल्या मापाने मोजत होता. ताव्हेर्निएने नोंदवलंय की मुघलांची रती सात अष्टमांश कॅरट भरायची, तर गोवळकोंडा-विजापूरकडचं मांजळीन हे वजन एक पूर्णांक तीन अष्टमांश कॅरट. युरोपातही गावोगावचा कॅरट थोडाथोडा वेगळा होता. १९०७ मध्ये वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २०० मिलिग्रॅमचा एकच कॅरट मान्य केला, म्हणजे पाच कॅरटचा एक ग्रॅम. रंग आणि शुद्धतेचं प्रमाण त्याहून उशिरा ठरलं. अमेरिकेत १९३१ मध्ये रॉबर्ट शिप्ली यांनी जीआयए ही संस्था काढली आणि तिने १९५० च्या दशकात डी ते झेड अशी रंगाची श्रेणी आणि शुद्धतेच्या पायऱ्या ठरवून हिऱ्यांचे अहवाल द्यायला सुरुवात केली. 'पाणी चांगलं आहे' या शब्दांचा अर्थ माणसागणिक बदलत असे. आता त्याच्या जागी अक्षरं आणि आकडे आले.

मुंबईच्या हिरे बाजारात मात्र त्यानंतरही कितीतरी वर्षं सगळा कारभार जांगडावर चालत आला आहे. पालनपूरकडच्या जैन कुटुंबांनी हा बाजार वाढवला. जांगड म्हणजे माल पसंतीसाठी दुसऱ्याकडे द्यायचा. एक चिठ्ठी, तिच्यावर वजन, भाव आणि सही. विकला जाईपर्यंत मालकी देणाऱ्याचीच. घेणाऱ्याला नको असेल तर पुडी जशीच्या तशी परत. मुंबई-सुरत हिरे नेणारे आंगडियेही असेच बंद पुडी घेऊन जातात आणि बंदच पोचवतात. अमेरिकेत १९०० च्या सुमारास शिकागोची लॉफ्टिस ब्रदर्स ही पेढी टपालाने हिरे पाठवायची, पसंत पडला तर ठेवा नाहीतर परत करा म्हणून. तोही एक जांगडच.

मग इंटरनेट आलं. अमेरिकेत १९९९ मध्ये ब्लू नाईल आणि आपल्याकडे २००८ मध्ये कॅरटलेन सुरू झालं. ब्लू नाईलची पद्धत वाचून मला पुन्हा कामत आठवले. त्यांच्या यादीतले बहुतेक खडे त्यांच्या तिजोरीत नसतच. ते हिरे पॉलिश करणाऱ्या व्यापाऱ्यांकडे असत आणि गिऱ्हाइकाने मागितल्यावर तिथून येत. म्हणजे यादी लावताना विकणाऱ्यानेही खडा हातात घेतलेला नसे. दोघांमध्ये फक्त अहवालाचा कागद.

आणि आता तर डोळ्यांचा फारसा उपयोगही उरलेला नाही. १९५४ मध्ये अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने प्रयोगशाळेत हिरा तयार केला. आज असे हिरे दागिन्यांत सर्रास वापरतात. ते काचेचे किंवा खोटे नव्हेत, हिरेच आहेत. पण खाणीतल्या हिऱ्यापेक्षा किंमत फारच कमी. नुसत्या डोळ्यांनी, अगदी भिंगातूनही, फरक कळत नाही. त्याला यंत्र लागतं. भाचीने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळालं. मी बघितला असता तरी मला काही कळलं नसतं.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगते. सांगू की नको असं झालं होतं, पण सांगतेच.

आमच्या घरात सासूबाईंच्या हिऱ्याच्या कुड्या आहेत, सात-सात खड्यांच्या. मामंजींनी त्या मुंबईला जाऊन, खिडकीच्या उजेडात एकेक खडा बघून घेतल्या होत्या. सासूबाई गेल्यावर कुड्या काही वर्षं माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या, म्हणजे आमच्या अक्कांच्या कपाटात होत्या. मग अक्कांनी स्वतःहून त्या मला दिल्या. पुढे एक फासा सैल झाला म्हणून सराफाकडे नेल्या. त्याने तपासून सांगितलं, "वहिनी, चौदांपैकी तीन हिरे नाहीत. पांढरे पुष्कराज आहेत."

मी अक्कांना काही विचारलं नाही. पण मनात यायचं ते आलं. पंधरा वर्षं मी त्यांच्याशी नीट बोलले, सणावाराला पाया पडले, आणि मनात मात्र ते तीन खडे घेऊन फिरले. दर क्षमावाणीला 'उत्तम क्षमा' म्हणताना जीभ किंचित अडखळायची.

या वर्षी पावसाळ्याआधी माळा साफ करताना मामंजींच्या दुकानाच्या जुन्या कीर्दी निघाल्या. टाकून देण्याआधी सवयीने चाळल्या. दुष्काळाच्या सालातल्या, १९७२ च्या कीर्दीत, त्यांच्या अक्षरात नोंद होती: कुड्यांतले तीन हिरे काढून विकले, जागी पांढरे पुष्कराज बसवले. खाली आलेली रक्कम, आणि ती कुठे गेली तेही. दुकानातल्या नोकरांचे थकलेले पगार. घरात त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सासूबाई त्या कुड्या अभिमानाने घालत राहिल्या. पण कीर्दीत मात्र खरं लिहिलं. तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं आणि कुड्या अक्कांच्या कपाटात जायला खूप वर्षं होती.

दशलक्षणात बस्तीत तत्त्वार्थसूत्राचा रोज एक अध्याय होतो. सातव्या अध्यायात अणुव्रतांचे अतिचार येतात. इतकी वर्षं ऐकत आले, यंदा कान देऊन ऐकले. अचौर्य व्रताचे अतिचार: हीनाधिक मानोन्मान म्हणजे वजनमापात कमी-जास्त करणं, प्रतिरूपक व्यवहार म्हणजे अस्सलाच्या जागी नक्कल खपवणं. सत्य व्रताचे: कूटलेख क्रिया म्हणजे खोटा कागद करणं, न्यासापहार म्हणजे विश्वासाने ठेवलेली वस्तू बुडवणं. खोटा काटा, नकली खडा, बनावट प्रमाणपत्र, बुडवलेला जांगड! हिऱ्याच्या व्यापारातले चारही धोके आचार्यांनी कधीच मोजून ठेवले आहेत.

म्हणून भाचीला मी आता नाही म्हणत नाही. पण चार गोष्टी तिच्याकडून कबूल करून घेतल्या, त्या तुम्हालाही सांगते. अहवाल विकणाऱ्याचा स्वतःचा नको, नाव असलेल्या स्वतंत्र प्रयोगशाळेचा हवा, आणि त्याचा नंबर त्या प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून बघायचा. हिरा खाणीतला की प्रयोगशाळेतला, हे पावतीवर स्पष्ट लिहून घ्यायचं. पाकीट उघडताना व्हिडिओ काढायचा, आणि परतीची मुदत संपायच्या आत जवळच्या जाणकाराकडून खड्याच्या कडेवर लेझरने कोरलेला नंबर भिंगातून अहवालाशी जुळवून घ्यायचा. कडेवर नंबर नसेल तर तो खडा घ्यायचाच नाही. आणि हॉलमार्क हा सोन्याचा असतो, हिऱ्याचा नव्हे, हे विसरायचं नाही.

शिवाय एक पाचवी गोष्ट माझ्याकडून. पावती आणि अहवाल दागिन्याच्या डबीतच ठेवायचे. खडा बदलला, काढला, विकला, तर त्याच कागदावर तारीख घालून लिहायचं. कागद मागितला की माणसावर अविश्वास दाखवला असं आपल्याला वाटतं. मामंजींची ती नोंद कुड्यांच्या डबीत असती तर माझी पंधरा वर्षं वाचली असती, आणि अक्कांचीही.

यंदा क्षमावाणीला ती कीर्द घेऊन मी अक्कांकडे गेले. पान उघडून त्यांच्यासमोर ठेवलं आणि काय वाटत होतं ते सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा लावून नोंद दोनदा वाचली. मग म्हणाल्या, "मामंजींनी नोकरांचे पगार दिले बघ." थोड्या वेळाने म्हणाल्या, "तुझ्या मनात काहीतरी आहे हे मला कळत होतं गं. पण काय ते कळत नव्हतं."

भाचीची अंगठी पुढच्या आठवड्यात येईल. पाकीट अक्कांच्याच घरी उघडायचं ठरलं आहे. नंबर वाचायला भिंग त्या देणार आहेत.

उत्तम क्षमा.